दोन लाखांचं टेबल

फी १,८०,००० रुपये. वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३२,४००. एकूण २,१२,४००. आकडा ऐकून आमचे हे एवढंच म्हणाले, "तेवढ्यात सेकंडहँड कॉम्प्रेसर आला असता." आला असता, आणि तो निदान शेडमध्ये उभा तरी दिसला असता. मी घेतलं ते मालक लोकांसाठीचं वर्षभराचं बिझनेस कोचिंग. जून २०२४ ला पैसे भरले, मे २०२५ ला वर्ष संपलं. तेव्हापासून एमआयडीसीतला जो भेटेल तो विचारतो, "वहिनी, फायदा झाला काय? आम्ही घेऊ काय?" प्रत्येकाला फोनवर अर्धा तास सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते.

संस्थेचं नाव लिहीत नाही. काही गोष्टी वाईट लिहिणार आहे, आणि असल्या संस्थांच्या जाहिराती कोल्हापूर-सांगलीत आता इतक्या दिसतात की नावापेक्षा साचा ओळखायला शिकलेलं बरं. साचा सगळ्यांचा बहुतेक एकच आहे.

आमचं शिरोली एमआयडीसीत मशीन शॉप आहे. फाउंड्रीतून कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, विकत घ्यायचं, मशीनिंग करायचं आणि ट्रॅक्टर, पंपवाल्या कंपन्यांना पार्ट द्यायचा. चार सीएनसी, तीन व्हीएमसी (दोन्ही कॉम्प्युटरवर चालणारी कापायची मशीन), २६ माणसं, सहा कोटींच्या आसपास उलाढाल. सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, १९८६ साली शिवाजी उद्यमनगरात एका लेथवर सुरुवात केली. हे डिप्लोमा मेकॅनिकल, मी बी.कॉम. शॉपवर ह्यांना 'मालक' म्हणतात, मला 'वहिनी'. पार्टनरशिप डीडमध्ये दोघांचे निम्मे निम्मे आहेत, पण डीड वाचतंय कोण!

मी तिथे का गेले ते आधी सांगते. एप्रिल २०२४ मध्ये ऑर्डर भरपूर, मशीन रात्रीसुद्धा चालू, आणि पगार मात्र सीसीतून, म्हणजे बँकेच्या कॅश क्रेडिटच्या कर्जातून, काढावा लागला. लिमिट ८० लाखांचं, त्यातले ७७ वापरलेले. कागदावर नफा होता. सीए म्हणाले, "वहिनी, टॅक्स भरायचाय." मी म्हटलं, "कशातून?" त्याच आठवड्यात कोल्हापुरात एका हॉटेलात 'उद्योजकांसाठी मोफत सेमिनार' होतं. चहा आणि सँडविच मिळालं, आणि तीन तासांनी पडद्यावर उलटी घड्याळं सुरू झाली. आज रात्री बारापर्यंत नाव नोंदवलं तर १,८०,०००, उद्यापासून २,५०,०००. मी त्या रात्री नोंदवलं नाही. चार दिवसांनी फोन केला तरी भाव १,८०,००० च होता. ही पहिली शिकवण मला फुकट मिळाली.

सुरुवात पुण्यातल्या हॉटेलात दोन दिवसांच्या शिबिरानं झाली. साधारण १४० माणसं, त्यात बायका आम्ही नऊ. सकाळी नऊला गाणी लावून सगळ्यांना नाचवलं. पन्नाशीचे, पोट सुटलेले, मुलीचं लग्न ठरवून आलेले कारखानदार हात वर करून नाचत होते, ते मी कधी विसरणार नाही. मग एका कागदावर 'माझं स्वप्न' लिहायचं होतं. माझ्या शेजारच्या माणसाची उलाढाल ८० लाख. त्यानं १०० कोटी लिहिलं आणि मला म्हणाला, "लिहायला काय जातंय, ताई." मग लाकडी फळी हातानं फोडायची, म्हणजे मनातली भीती फुटते. मी फोडली. पॅकिंगच्या खोक्याची असते तसली पातळ फळी होती. आमच्या डिस्पॅचला फोर्कलिफ्टच्या धक्क्यानं तसल्या रोज चार फुटतात, कुणाची भीती गेल्याचं अजून ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कॅमेरा घेऊन एक मुलगा आला. "मॅडम, तुमच्या बिझनेसमध्ये काय बदल झाला ते दोन ओळींत सांगा." मी म्हटलं, अरे, मी कालपासून या खोलीतच आहे! तरी बऱ्याच जणांनी सांगितलं, आणि पुढच्या जाहिरातीत ते सगळे होते. तुम्ही असल्या जाहिराती बघत असाल तर तो चकचकीत चेहऱ्याचा माणूस शिबिराच्या दुसऱ्या दिवसाचा असू शकतो, एवढं ध्यानात ठेवा.

ॲपवर ६४ व्हिडिओ होते. मी वीसेक बघितले. 'माइंडसेट', 'व्हिजन', 'स्केल'. उदाहरणं सगळी अमेरिकेतली, एखादं जपानमधलं. त्यातल्या एकाही उद्योजकाचा ग्राहक त्याला 'पेमेंट पुढच्या सोमवारी बघू' म्हणत नव्हता. आणि आमच्यापासून दीड-दोन तासांवर किर्लोस्करवाडी आहे. लोखंडी नांगरानं जमीन विषारी होते असं मानणाऱ्या शेतकऱ्यांच्या गळी लोखंडी नांगर उतरवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानातल्या माळावर कारखाना आणि गाव एकदमच उभं केलं. त्यावर अर्धा व्हिडिओ केला असता तर आमचा मिस्त्रीसुद्धा बघत बसला असता. असो. ॲप नसतं तरी काही अडलं नसतं.

आता पैसे कुठे वसूल झाले ते.

शिबिरानंतर आम्हाला आठ-आठ जणांच्या गटात वाटलं. नियम असा की एका गटात एकाच धंद्याचे दोघं नकोत, म्हणजे कुणी कुणाचा स्पर्धक नको. आमच्या गटात इचलकरंजीचे सायझिंगवाले (सुताला खळ लावणारे), हुपरीचे चांदीचे पैंजण करणारे, सांगलीचे हळद-मसाल्याचे, जयसिंगपूरचे शेती-अवजारांचे, कोल्हापूरचे एक हॉटेलवाले, एक खोक्याचा कारखाना चालवणारे, एक डॉक्टरीणबाई ज्यांचं स्वतःचं हॉस्पिटल आहे, आणि मी. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी अंकलीच्या पुलाजवळच्या एका हॉटेलात, आतल्या खोलीत, एका लांब टेबलाभोवती बसायचं. आधी सगळ्यांनी गुप्ततेच्या कागदावर सह्या केल्या, म्हणून इथे माणसं ओळखू येतील असं काही लिहीत नाही.

प्रत्येकानं एक पान आणायचं. विक्री, येणं (ग्राहकांकडून यायचे पैसे) किती दिवसांच्या विक्रीएवढं, माल किती दिवसांचा पडून, बँकेत आज सकाळी किती, देणं किती, परत आलेला माल किती टक्के. आणि शेवटची ओळ: 'या महिन्यात तुम्ही स्वतः केलेलं असं कोणतं काम, जे दुसऱ्यानं करायला हवं होतं?' आठ पानं टेबलावर मधोमध ठेवायची आणि कुणीही कुणाचंही उचलायचं.

हे वाटतं तेवढं सोपं नाही. आपल्याकडे मालक आपला आकडा कुणाला दाखवत नाही. नातेवाइकांना कळला तर उसने मागतात, भावकीला कळला तर वाटणी मागते, ग्राहकाला कळला तर रेट कमी मागतो. पंधरा वर्षं मी वही सांभाळते, पण पूर्ण चित्र ठाऊक असणारी माणसं तीनच: मी, हे आणि सीए. त्यातही ह्यांना ते ऐकायचं नसतं.

पहिल्या शनिवारी मी पानावर लिहिलं, येणं ६० दिवस. खोकेवाले काका साठीचे आहेत. त्यांनी चष्मा वर केला, पान उचललं आणि विचारलं, "ताई, विक्री महिन्याला पन्नास लाख, येणं एक कोटी अठ्ठेचाळीस. हे साठ दिवस कुठल्या कॅलेंडरचे?" मी म्हटलं, त्यात एका कंपनीचं वादातलं आहे, ते धरलं नाही. "वाद मिटेपर्यंत बँक व्याज घेत नाही काय?" टेबलावर कुणी हसलं नाही, म्हणून जास्त लागलं. नव्वद दिवस होते. मला ते माहीत होतं आणि मी स्वतःच्या वहीत ते साठ म्हणून वाचत होते.

कोचची एक गोष्ट मात्र मानते. आमच्या गटाचे कोच पूर्वी एका पार्ट बनवणाऱ्या कंपनीत परचेसचे मोठे अधिकारी होते. म्हणजे ज्या खुर्चीतून आम्हाला 'पुढच्या सोमवारी' ऐकू येतं, त्या खुर्चीत त्यांची वीस वर्षं गेलेली. ऑगस्टमध्ये ते शॉपवर आले. चहा घेतला नाही, ऑफिसात बसले नाहीत. मिस्त्रीकडून खडू मागितला, दोन व्हीएमसींच्या मधे जमिनीवर एक वर्तुळ काढलं आणि ह्यांना आणि मला त्यात उभं केलं. एक तास. बोलायचं नाही, फोन घ्यायचा नाही, कुणाला काही सांगायचं नाही. फक्त बघायचं. (हे त्यांच्या डोक्यातलं नव्हे. टोयोटाचे ताईची ओनो आपल्या माणसांना असंच खडूच्या वर्तुळात उभं करायचे. कोचनीही तसं प्रामाणिकपणे सांगितलं.)

पहिली दहा मिनिटं हे नुसते चुळबुळत होते. मग दिसायला लागलं. तिसऱ्या व्हीएमसीवर सेटिंग झालं, पहिला पीस निघाला आणि ऑपरेटर मशीन बंद करून उभा राहिला. दुसऱ्या सीएनसीवरही तेच. थोड्या वेळानं पहिल्या व्हीएमसीवरही. तिघेही आमच्याकडे बघत होते, कारण पहिला पीस पास करायचा तो मालकांनी, आणि मालक वर्तुळात. एरवी मालक गेटवर टेम्पोवाल्याशी बोलत असतात, नाहीतर फोनवर, नाहीतर फाउंड्रीत ब्लो होलवरून, म्हणजे कास्टिंगमधल्या हवेच्या छिद्रांवरून, भांडत. मशीन तेव्हाही अशीच उभी असणार. आम्ही बघत नव्हतो, एवढंच. तासात तीन मशीनची मिळून ७० मिनिटं गेली. नवं व्हीएमसी घ्यायचं म्हणून त्याच महिन्यात आम्ही कोटेशन मागवलं होतं.

ह्यांचा चेहरा मी सांगत नाही. घरी येताना गाडीत हायवेवरच्या तावडे हॉटेल चौकापर्यंत एक शब्द नाही. मग म्हणाले, "म्हणजे मीच अडथळा होय?"

पुढचं सगळं टेबलावर ठरलं, पण पार पडलं ते शॉपवर, आणि फार वाईट पद्धतीनं पार पडलं. पहिला पीस सेटरनं मापायचा, क्वालिटीतल्या मुलीनं तपासून सही करायची, मालकांची सही फक्त नव्या पार्टला. पहिल्या महिन्यात एका बोअरचं, म्हणजे आतल्या भोकाचं, माप चुकलं आणि ६० पीस स्क्रॅप झाले. हे म्हणाले, बघ, सांगत होतो. परत सगळं स्वतःकडे घेणार होते. मी त्या शनिवारी पानावर तसंच लिहिलं. हुपरीचे म्हणाले, त्यांचे वडील पंच्याहत्तरीत आहेत आणि अजून प्रत्येक पैंजण स्वतः काट्यावर ठेवतात. वडील आजारी पडले की धंदा बंद. एवढंच सांगितलं, सल्ला दिला नाही. घरी येऊन मी ते ह्यांना सांगितलं. त्यांनी सेटरला एक बोअर गेज घेऊन दिलं आणि विषय परत काढला नाही.

संस्थेनं 'एसओपी'चे, म्हणजे काम कसं करायचं त्याच्या लेखी पद्धतीचे, नमुने दिले होते, चाळीस पानांचे, इंग्रजीत. आमचे निम्मे ऑपरेटर बिहार आणि ओडिशाचे. मी काळ्या फळ्यावर मराठीत आणि हिंदीत पाच ओळी लिहिल्या, मशीन चालू करण्याआधी काय बघायचं त्याच्या. चाळीस पानं अजून कपाटात आहेत, कोरी करकरीत.

मग रेटचा विषय. अवजारवाल्यांनी एका शनिवारी विचारलं, तुमचा सगळ्यात जुना पार्ट कुठला आणि त्यात किती सुटतात. मला माहीत नव्हतं. एका ट्रॅक्टर कंपनीचा हाउसिंग आहे, ह्यांचा लाडका, आबांच्या काळापासूनचा ग्राहक. मशीनिंगचे ९२ रुपये मिळतात. सायकल टाइम ११ मिनिटं, चढवायला-उतरवायला दोन, म्हणजे १३. मशीनचा तासाचा खर्च मी पहिल्यांदाच नीट काढला: हप्ता, वीज, ऑपरेटर, इन्सर्ट, शेडचं भाडं, सगळं धरून ४८० रुपये. तेरा मिनिटांचे १०४. म्हणजे प्रत्येक पीसमागे आम्ही त्या कंपनीला १२ रुपये देत होतो, वर दिवाळीला मिठाईचा बॉक्स. महिन्याला १४०० पीस, १६,८०० रुपये. चार वर्षं रेट वाढलेला नाही, म्हणजे आठ लाखांवर रक्कम. मी हा हिशेब घरी जेवताना सांगितला नाही, एवढा शहाणपणा केला. ऑफिसात, दार लावून सांगितला. ह्यांनी फिक्स्चर, म्हणजे मशीनवर पार्ट पकडून ठेवायची चौकट, बदललं, चढवायचा एक मिनिट वाचला आणि खर्च ९६ वर आला. मी ग्राहकाकडे गेले, हिशेबाचा कागद समोर ठेवला आणि १०३ घेऊन आले. मला वाटलं होतं हाकलतील. परचेसवाला म्हणाला, "एवढी वर्षं तुम्ही मागितलंच नाही." कोचना हे सांगितलं तर ते म्हणाले, त्यांच्या खुर्चीत असताना तेही हेच करायचे: जो मागत नाही, त्याला वाढ नाही.

येण्याचे नव्वद दिवस कसे उतरले ते जरा सविस्तर सांगते, कारण हे कोचिंग न घेताही करता येतं. एमएसएमईडी, म्हणजे लहान-मध्यम उद्योगांसाठीचा कायदा, २००६ चा. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचा माल घेतला तर लेखी करार असेल तर ठरलेल्या मुदतीत, पण ४५ दिवसांच्या आत, आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यायचे. उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट दरानं, महिन्याला चक्रवाढ व्याज. कायदा चांगला आहे, वापरतंय कोण? थकलेल्या पैशांसाठी सरकारच्या समाधान पोर्टलवर तक्रार टाकली की पुढची ऑर्डर गेली, हे शिरोलीत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

पण २०२३ च्या अर्थसंकल्पानं आयकर कायद्यात ४३ बी (एच) हे कलम घातलं आणि ते १ एप्रिल २०२४ पासून लागू झालं. मुदतीत न दिलेली अशी रक्कम ग्राहकाला त्या वर्षी खर्च म्हणून दाखवता येत नाही. ज्या वर्षी प्रत्यक्ष देईल, त्याच वर्षी वजावट. म्हणजे मार्चअखेर माझं बिल थकवलं तर माझ्यापेक्षा त्याच्या टॅक्सला चटका. हे मला सीएनी सांगितलं असणार, मी ऐकलं नसणार. खोकेवाले काका मात्र त्यांच्या बिलाचा नमुना घेऊन आले. वर, जीएसटी नंबरच्या खाली, ठळक अक्षरात उद्यम नंबर आणि 'लघु उद्योग - उत्पादक'. खाली पैसे देण्याची शेवटची तारीख, दिवस मोजून. व्यापारी म्हणून नोंद असेल तर हे संरक्षण नाही, म्हणून 'उत्पादक' हा शब्द महत्त्वाचा. आणि फोन ग्राहकाच्या परचेसला करायचा नाही, अकाउंट्सला करायचा, जानेवारीतच. परचेसवाल्याला रेट दिसतो, अकाउंट्सवाल्याला ऑडिटर दिसतो.

मी जानेवारी २०२५ मध्ये अकरा ग्राहकांना तसं पत्र पाठवलं. आठ जणांनी मार्चच्या आत मागचं मिटवलं. दोघांनी रेटमध्ये दोन टक्के सूट मागितली. एकानं ऑर्डर कमी केली आणि ती अजून परत आलेली नाही, हेही लिहायला पाहिजे. एका मोठ्या कंपनीनं ट्रेड्सवर बिलं घ्यायला सुरुवात केली. ट्रेड्स म्हणजे आपलं बिल ग्राहकानं ऑनलाइन मान्य करायचं, बँका त्यावर बोली लावतात, दोन-तीन दिवसांत पैसे खात्यात येतात, आणि ग्राहकानं पुढे बुडवलं तर बँक आपल्या मागे लागत नाही. आमच्या बिलांना साडेआठच्या आत दर मिळाला, सीसीला आम्ही साडेदहा भरतो. नोव्हेंबर २०२४ च्या अधिसूचनेनं २५० कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना ३१ मार्च २०२५ पर्यंत तिथे नोंदणी सक्तीची केली. सक्ती नोंदणीची आहे, वापरण्याची नाही, त्यामुळे 'आम्ही नोंदणी केलीय' एवढ्यावर खूश होऊ नका. बिल चढवता काय, हे विचारा.

वर्षाअखेर येणं ६२ दिवसांवर आलं. दिवसाला साधारण १ लाख ६४ हजारांची विक्री धरली तर २८ दिवसांचे ४६ लाख मोकळे झाले. साडेदहा टक्क्यांनी वर्षाचं व्याज पावणेपाच लाखांच्या वर. फीच्या दुप्पट. हे सगळं कोचिंगचं श्रेय नाही, निम्मं कायद्याचं आहे. पण कायदा एप्रिलपासून होता आणि मी जानेवारीपर्यंत नुसती बघत बसले होते. प्रत्येक शनिवारी त्या पानावर 'येणं' ही ओळ भरायची लाज वाटली, म्हणून उठले.

गमतीची गोष्ट, १ एप्रिल २०२५ पासून मर्यादा वाढल्या. सूक्ष्म उद्योग म्हणजे यंत्रसामग्रीत अडीच कोटींपर्यंत गुंतवणूक आणि दहा कोटींपर्यंत उलाढाल. त्यामुळे काल 'लघु' असलेले आम्ही आज 'सूक्ष्म' झालो. आबा म्हणाले, "दोन लाख भरून शिकायला गेलीस आणि कारखाना लहान करून आलीस."

तक्रारी आता. कारखान्याला दोन भेटी कबूल होत्या, एक झाली. दुसरी 'ऑनलाइन' झाली, म्हणजे मी मोबाइल घेऊन शॉपमध्ये फिरले. पंधरा दिवसांतून एकदा कोचचा फोन ठरला होता, सहा महिन्यांनी तो महिन्यावर गेला. 'फायदा झाला नाही तर फी परत' असं जाहिरातीत होतं. करारात बघितलं तर त्यासाठी ६४ च्या ६४ व्हिडिओ बघितल्याची ॲपवर नोंद हवी आणि प्रत्येकाखालची प्रश्नावली भरलेली हवी. हे आधी वाचा. नवव्या महिन्यापासून संस्थेचं 'प्लॅटिनम' घ्या म्हणून फोन सुरू झाले: सहा लाख, त्यात दुबईची सहल. आमच्या अवजारवाल्यांनी विचारलं, दुबईत कुणाचं येणं वसूल करायचंय? त्यानंतर निदान आमच्या गटाला फोन आले नाहीत. आणि संस्थेचा व्हॉट्सॲप ग्रुप: रोज सकाळी सहाला सिंहाचं चित्र. दुसऱ्याच आठवड्यात म्यूट केला.

हॉटेलवाल्यांना मात्र फायदा झाला नाही, हे स्पष्ट लिहिते. त्यांचा प्रश्न भावाबरोबरच्या वाटणीचा होता. तो पानावर कुठल्याच ओळीत बसत नव्हता, आणि कोचनाही त्यात हात घालायचं धाडस झालं नाही. डिसेंबरनंतर ते यायचे बंद झाले. घरातलं भांडण घेऊन असल्या कार्यक्रमाला जाऊ नका. तिथे वकील लागतो, नाहीतर दोघांनाही ज्याचा मान आहे असा मामा.

घ्यावं की नाही? आधी फुकटातलं आणि स्वस्तातलं बघा. स्मॅक, गोशिमा, कोल्हापूर इंजिनिअरिंग असोसिएशन अशा इथल्या कारखानदारांच्या संघटना आहेत, जिथे तुमचं सभासदत्व असेल तिथल्या व्याख्यानांना जा. आपण वर्गणी भरतो आणि जेवणाच्या दिवशीच तोंड दाखवतो. शॉप सुधारायचं असेल तर केंद्र सरकारची एमएसएमई लीन योजना आहे, २०२३ पासून. सल्लागाराच्या खर्चातला ९० टक्के वाटा सरकार उचलतं. झेडची, म्हणजे 'झीरो डिफेक्ट, झीरो इफेक्ट' या सरकारी योजनेची, प्रमाणपत्रं आहेत, त्यात बायकांच्या नावावरच्या उद्योगांना तर फी पूर्ण माफ. ह्यांना मी हे सांगितल्यापासून पार्टनरशिपमध्ये माझे ५१ टक्के करायचे का, असा विचार घरात सुरू आहे. कॉम्प्रेसरपेक्षा स्वस्त पडेल, असं त्यांचं म्हणणं.

धंदा दोन वर्षांचा असेल, उलाढाल कोटीच्या आत असेल तर दोन लाख यात घालू नका. मशीनला घाला, नाहीतर एक चांगला अकाउंटंट ठेवा. धंदा जुना आहे, ऑर्डर आहेत, पैसा दिसत नाही आणि घरात कुणी कुणाला विचारत नाही, असं असेल तर विक्रीच्या पोराला तीनच प्रश्न विचारा. गट किती जणांचा आणि त्यात कोण कोण? कोचनी स्वतः काय धंदा किंवा नोकरी केलीय? कारखान्यात प्रत्यक्ष किती वेळा येणार, हे करारात लिहून देता काय? उत्तरात 'एनर्जी' हा शब्द आला तर चहा पिऊन परत या.

माझे गुण: शिबिराला पाचात एक, ॲपलाही एक, कोचना साडेतीन, टेबलाला पाच.

मे महिन्यात वर्ष संपलं. नूतनीकरणाचा फोन आला, सातपैकी सातही जणांनी नाही म्हटलं, पण दुसऱ्या शनिवारी आम्ही अंकलीला आपले बसलोच. जेवणाचे पैसे वाटून घेतो, माणशी साडेचारशेपर्यंत जातात. सप्टेंबरात हेही आले. त्यांनी पानावरची शेवटची ओळ स्वतःच्या हातानं भरली: 'गेटवरचा टेम्पो.'

ऑक्टोबरात कोचचा फोन आला. म्हणाले, तुमची हरकत नसेल तर मीही येऊन बसू काय, फीबी काही नाही, आठवा म्हणून. काका म्हणाले, "येऊ देत की. पण पान घेऊन यायचं." ते आले. पान आणलं होतं. काकांनी चष्मा वर केला आणि उचललं. येणं: ७४ दिवस.